झिको

झिको : (३ मार्च १९५३ – ). ब्राझीलचा फुटबॉलपटू व प्रशिक्षक. पूर्ण नाव आर्थर आंतुनेस कोइंब्रा. जन्म रिओ द जानेरोच्या उत्तर भागातील किंतिनो या उपनगरात. रिओच्या फ्लामेंगो क्लबच्या इतिहासात सर्वाधिक गोल त्याच्या नावावर आहेत. ब्राझीलकडून अधिकृत ७१ आंतरराष्ट्रीय सामन्यांत ४८ गोल. आघाडीवीराच्या किंचित मागे राहून चाल रचायची आणि संधी दिसताच स्वतःच गोलपाशी पोहोचायचे, हा आक्रमक मध्यरक्षकाचा खेळ त्याच्याइतक्या पूर्णपणे फार थोड्यांना साधला. १९७८, १९८२ व १९८६ असे तीन विश्वचषक तो खेळला, एकही जिंकला नाही. केवळ त्यामुळे पेले-मॅराडोना यांच्या पंक्तीला त्याचे पान मांडताना अनेकजण कां-कूं करतात. तो जिथे जिथे खेळला त्या क्लबांचे आणि गावांचे काय झाले, हे पाहिले की हा संकोच अनाठायी वाटतो.

वडील पोर्तुगालहून येऊन रिओत स्थायिक झालेले आणि फ्लामेंगोचे कट्टर पाठीराखे. सहा भावंडांत आर्थर धाकटा. आंतुनेस आणि एदू हे थोरले भाऊ व्यावसायिक फुटबॉल खेळत. एदू तर रिओच्या अमेरिका क्लबचा नावाजलेला खेळाडू होता. १९६७ मध्ये चौदा वर्षांचा आर्थर भावांच्या वाटेने अमेरिका क्लबमध्येच जायचा, पण सेल्सो गार्सिया या रेडिओ पत्रकाराने त्याचा खेळ पाहिला आणि त्याला फ्लामेंगोत नेले. पायात कसब होते, अंगात बळ नव्हते. मुलगा इतका किरकोळ होता की क्लबने त्याच्यासाठी आहार आणि व्यायामाचा खास कार्यक्रम आखला. पुढची काही वर्षे शाळा, सराव आणि व्यायामशाळा यांतच गेली.

१९७१ मध्ये वास्को द गामाविरुद्ध तो फ्लामेंगोच्या मुख्य संघातून पहिल्यांदा उतरला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिक संघातून मात्र त्याला वगळले गेले, आणि ते त्याच्या इतके जिव्हारी लागले की फुटबॉल सोडून देण्याचा विचार त्याने गंभीरपणे केला. घरच्यांनी समजूत घातली. १९७४ पासून दहा क्रमांकाचा सदरा त्याचाच झाला. फेब्रुवारी १९७६ मध्ये मॉन्टेव्हिडिओत उरुग्वेविरुद्ध राष्ट्रीय संघाकडून पहिला सामना खेळताना त्याने फ्री किकवर गोल केला.

फ्री किक ही त्याची खास ओळख. संघाचा सराव आटोपला की तो एकटा मैदानावर थांबे. गोलखांबाच्या वरच्या कोपऱ्यात एक सदरा टांगून ठेवायचा आणि बचावपटूंच्या भिंतीवरून चेंडू नेमका त्या सदऱ्यावर घालायचा, असा हा रोजचा रियाज. जोराने ठोकण्यावर त्याचा भर नसे. उजव्या पावलाच्या आतल्या बाजूने मारलेला चेंडू भिंतीवरून वळसा घेत जाई आणि शेवटच्या क्षणी खाली उतरे. गोलरक्षक हलेपर्यंत जाळे हललेले असे. चालत्या खेळातही हीच नजर दिसे. चेंडू पायाशी येण्याआधी तो खांद्यावरून मागे पाहून घेई, त्यामुळे पहिल्या स्पर्शातच पास निघे आणि बचावफळीच्या दोघांमधल्या फटीतून जाई.

एप्रिल १९७९ मध्ये पूरग्रस्तांच्या मदतीसाठी मराकानावर फ्लामेंगो विरुद्ध अ‍ॅटलेटिको मिनेरो असा सामना झाला. निवृत्त पेले त्या दिवशी फ्लामेंगोकडून खेळला. झिकोने आपला दहा क्रमांक पेलेला दिला, स्वतः नऊ घातला आणि तीन गोल केले. त्याला ‘पांढरा पेले’ म्हणत, ते कौतुक होते आणि ओझेही. त्याच वर्षी गोयताकाझविरुद्धच्या ७-१ अशा विजयात सहा गोल त्याचे होते. मराकानावर त्याने तीनशेहून अधिक गोल केले; त्या मैदानावर इतके दुसऱ्या कोणाचेही नाहीत. फ्लामेंगोसाठी केलेल्या गोलांची एकूण संख्या पाचशेच्या पुढे जाते.

त्याच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे १९८१ चे अखेरचे आठवडे. दक्षिण अमेरिकेतील क्लबांच्या लिबर्टाडोरेस चषकाची अंतिम लढत चिलीच्या कोब्रेलोआशी होती. रिओत फ्लामेंगोने २-१ असा विजय मिळवला, सँटियागोत ०-१ अशी हार पत्करली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे तिसरा सामना त्रयस्थ ठिकाणी, मॉन्टेव्हिडिओत, २३ नोव्हेंबरला झाला आणि फ्लामेंगोने तो २-० असा जिंकला. तीन सामन्यांत मिळून फ्लामेंगोचे चार गोल झाले आणि चारही झिकोचे. चारच दिवसांनी, हा संघ ज्याने घडवला तो माजी प्रशिक्षक क्लाउदिओ कुतिन्हो समुद्रात बुडून गेला. शोकातच संघाने ६ डिसेंबरला वास्कोला हरवून रिओ राज्याचे विजेतेपद घेतले आणि टोकियो गाठले. तिथे १३ डिसेंबरला युरोपविजेत्या लिव्हरपूलला त्यांनी पहिल्या ४५ मिनिटांतच तीन गोलांनी गारद केले. दोन गोल नुनेसचे, एक अदिलिओचा. झिकोच्या नावावर एकही नाही. पण तिन्ही गोलांची मुळे त्याच्या पायात होती. पहिला गोल तर बचावफळीच्या डोक्यावरून त्याने नुनेसच्या धावेत अलगद सोडलेल्या चेंडूवर झाला. सामन्याचा मानकरी म्हणून त्याला मोटार मिळाली. आक्रमक मध्यरक्षक म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने तो पूर्वार्ध पाहावा. फ्लामेंगोने १९८०, १९८२ व १९८३ ही राष्ट्रीय विजेतेपदेही त्याच्या जोरावर मिळवली.

विश्वचषकात मात्र काही ना काही आडवे आले. १९७८ मध्ये स्वीडनविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना अखेरच्या क्षणी कॉर्नरवरून आलेला चेंडू त्याने डोक्याने जाळ्यात धाडला. पण चेंडू हवेत असतानाच पंच क्लाइव्ह थॉमस यांनी सामना संपल्याची शिट्टी फुंकली होती. गोल नाकारला गेला. ब्राझील त्या स्पर्धेत एकही सामना न हरता तिसरे आले.

१९८२ चा ब्राझीलचा संघ तेले सांताना यांनी बांधला होता. सॉक्रेटिस, फाल्काओ, सेरेझो आणि झिको अशी मधली फळी, डावीकडे एडेरची तोफ. झिकोने स्कॉटलंडविरुद्ध फ्री किकवर, न्यूझीलंडविरुद्ध दोन आणि अर्जेंटिनाविरुद्ध एक असे चार गोल केले. ५ जुलैला बार्सिलोनाच्या सारिया मैदानावर इटलीविरुद्ध बरोबरीसुद्धा पुरली असती. त्याच्या पाठीशी क्लाउदिओ जेंतिले हा बचावपटू लावलेला होता; आधीच्या सामन्यात त्याने मॅराडोनाला जखडले होते. पूर्वार्धात एकदा झिकोने गिरकी घेत जेंतिलेला चकवले आणि सॉक्रेटिसला पास दिला. गोल झाला, १-१. पुढे गोलक्षेत्रात जेंतिलेने त्याचा सदरा एवढा ओढला की कापड टराटरा फाटले. झिकोने ते पंचांना दाखवले, पेनल्टी मिळाली नाही. पाओलो रॉसीने तीन गोल केले, इटली ३-२ अशी जिंकली. सर्वांत सुंदर खेळणारा संघ हरला म्हणून त्या दिवसाला ब्राझीलमध्ये शोकांतिका म्हणतात. वास्तविक २-२ अशी स्थिती असतानाही ब्राझीलचे बचावपटू पुढे चाल करून जात राहिले, हेही तितकेच खरे. इटलीला दोष देण्यात अर्थ नाही.

१९८३ मध्ये तो इटलीतील उदिनेसे या मध्यम वकुबाच्या क्लबकडे गेला. इटालियन महासंघाने हा व्यवहार अडवला तेव्हा उदिने शहरातले लोक रस्त्यावर उतरले. ‘झिको द्या, नाहीतर ऑस्ट्रियात जातो’ अशा अर्थाची त्यांची घोषणा होती. त्या सीमावर्ती प्रांताचा ऑस्ट्रियाशी जुना संबंध लक्षात घेतला तर ती निव्वळ थट्टा नव्हती. अखेर परवानगी मिळाली. पहिल्याच लीग सामन्यात जेनोआवर ५-० असा विजय, त्यात दोन गोल झिकोचे. हंगामात २४ सामन्यांत त्याने १९ गोल केले. युव्हेंटसच्या प्लातिनीचे २८ सामन्यांत २० झाले आणि तो अव्वल ठरला. दुसरा हंगाम दुखापती आणि निलंबनात वाया गेला.

१९८५ मध्ये तो फ्लामेंगोत परतला. ऑगस्टमध्ये बांगूविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याने दोन्ही पाय पुढे करून मारलेल्या टॅकलने त्याचा गुडघा मोडला. वारंवार शस्त्रक्रिया झाल्या. त्याच गुडघ्यावर तो १९८६ च्या विश्वचषकाला गेला. फ्रान्सविरुद्धच्या उपउपांत्य सामन्यात राखीव खेळाडू म्हणून उतरताच त्याने ब्रांकोला अचूक पास दिला, ब्रांकोला गोलरक्षक बाट्सने पाडले, पेनल्टी मिळाली. ती झिकोने घेतली आणि बाट्सने अडवली. सामना १-१ बरोबरीत सुटून पेनल्टी किकांवर गेला. त्या वेळी झिकोने आपली किक चुकवली नाही. सॉक्रेटिस आणि ज्युलिओ सेझार चुकले. लोकांच्या लक्षात राहिली ती झिकोची पहिली पेनल्टी. डिसेंबर १९८९ मध्ये फ्लुमिनेन्सेवरील ५-० अशा विजयात फ्री किकवर गोल करून त्याने फ्लामेंगोचा निरोप घेतला.

१९९० मध्ये तो ब्राझील सरकारचा क्रीडा सचिव झाला. खेळाडू आणि क्लब यांच्या संबंधांविषयी १९९३ साली झालेला कायदा त्याच्याच नावाने ओळखला जातो. राजकारणात मात्र तो रमला नाही.

१९९१ मध्ये, ३८ व्या वर्षी, तो जपानमधल्या काशिमा या कारखान्यांच्या गावी गेला. सुमितोमो मेटल या पोलाद कंपनीचा संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. नव्या व्यावसायिक जे-लीगमध्ये या गावाला जागा मिळणे जवळजवळ अशक्य मानले जात होते. १५,००० प्रेक्षकांचे, छत असलेले खास फुटबॉलचे मैदान बांधण्याची अट काशिमाने पुरी करून दाखवली. झिकोने तिथे नुसता खेळ शिकवला नाही. बूट कसे राखायचे, सराव वेळेवर कसा सुरू करायचा, हरल्यावर चीड कशी यायला हवी, हेही त्याने मुलांच्या अंगी बाणवले. १६ मे १९९३ रोजी काशिमा अँटलर्सने लीगमधल्या आपल्या पहिल्या सामन्यात नागोयाला ५-० असे धुतले. झिकोचे तीन गोल ही जे-लीगमधली पहिली हॅटट्रिक, वय ४०. त्याच वर्षी सम्राट चषकात, चेंडू मागे राहिला म्हणून पुढे झेपावत टाचेने डोक्यावरून त्याने केलेला गोल आजही दाखवला जातो. स्वभावाची दुसरी बाजूही दिसली: जानेवारी १९९४ च्या निर्णायक सामन्यात प्रतिस्पर्ध्याला मिळालेल्या पेनल्टीच्या वेळी चेंडूवर थुंकल्याबद्दल त्याला मैदानाबाहेर काढण्यात आले. १९९४ मध्ये तो निवृत्त झाला.

प्रशिक्षक म्हणून त्याचे यश संमिश्र आहे. जपानने त्याच्या हाताखाली २००४ चा आशिया चषक जिंकला. २००६ च्या विश्वचषकात मात्र साखळीतच गाशा गुंडाळला. विश्वचषक पात्रता फेरीत २००४ मध्ये याच जपानने भारताला साइतामात ७-० आणि कोलकात्यात ४-० असे हरवले होते. तुर्कस्तानच्या फेनरबाचेला त्याने २००७ चे लीग विजेतेपद मिळवून दिले आणि पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या उपउपांत्य फेरीपर्यंत नेले. उझबेकिस्तान, रशिया, ग्रीस, इराक आणि कतार येथील कामे अल्पजीवी ठरली.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा एफसी गोवाने त्याला प्रशिक्षक नेमले. विश्वचषक आला की गल्लीबोळांत ब्राझीलचे झेंडे लागणाऱ्या गोव्याला याहून मोठे नाव मिळाले नसते. पहिल्या हंगामात संघ उपांत्य फेरीत कोलकात्याकडून पेनल्टी किकांवर हरला. २०१५ मध्ये गोवा गुणतक्त्यात अव्वल आला. मुंबई सिटीला फातोर्ड्यात ७-० असे लोळवले, त्यात दुदू आणि हाओकिप या दोघांच्या हॅटट्रिक होत्या. २० डिसेंबरला तिथेच अंतिम सामन्यात ८७ व्या मिनिटाला २-१ अशी आघाडी घेऊनही गोवा चेन्नईयिनकडून ३-२ असा हरला. शेवटच्या मिनिटांत आधी गोलरक्षक कट्टीमणीचा स्वयंगोल, मग मेंडोझाचा विजयी गोल. झिकोच्या नशिबातला तोच जुना प्रकार, म्हणावे लागते. २०१६ मध्ये संघ तळाला गेला आणि त्यानंतर झिकोने गोवा सोडले. रोमिओ फर्नांडिस, मंदार राव देसाई यांसारखे गोमंतकीय खेळाडू त्याच्या काळात पुढे आले. रोमिओला २०१५ मध्ये ब्राझीलच्या अ‍ॅटलेटिको पारानेन्से क्लबने काही काळ उसना घेतला.

२०१५ मध्ये फिफाच्या अध्यक्षपदासाठी त्याने उभे राहण्याची घोषणा केली होती, पण आवश्यक त्या पाच राष्ट्रीय संघटनांचा पाठिंबा जमला नाही. २०१८ मध्ये तांत्रिक संचालक म्हणून तो काशिमात परतला. त्याच वर्षी इराणच्या पर्सेपोलिसला हरवून काशिमा अँटलर्सने आशियाई चॅम्पियन्स लीग प्रथमच जिंकली.