मास्तर कोणत्या घरातून आले?

न्यू इंग्लिश स्कूलची गोष्ट आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेली असते. १८८० सालच्या जानेवारीत पुण्यातल्या काही तरुणांनी सरकारी नोकरीचा रस्ता सोडला, मोरोबादादांच्या वाड्यात खासगी शाळा काढली आणि देशासाठी आयुष्य वाहून टाकलं. चिपळूणकर, टिळक, आगरकर. भाषण करणारा पाहुणा इथे ‘त्याग’ हा शब्द वापरतो, टाळ्या पडतात आणि गोष्ट संपते.

मला या गोष्टीत एक रकाना रिकामा दिसतो. हे मास्तर आले कोणत्या घरातून? सोडलं म्हणजे नेमकं काय सोडलं, आणि ते सोडताना घरी चूल कशावर पेटत होती? प्रश्न जरा किरकोळ वाटेल. पण या शाळेत पुढे जे भांडण झालं ते समजायला मला तरी हाच प्रश्न उपयोगी पडला. आणि या मास्तरांना आपल्याच शहरात काय दिसलं नाही, तेही त्यातूनच कळतं.

सुरुवात विष्णुशास्त्री चिपळूणकरांपासून करू, कारण शाळेची कल्पना त्यांची. त्यांचे वडील कृष्णशास्त्री म्हणजे शिक्षणखात्यातलं मोठं नाव. संस्कृत पंडित, भाषांतरकार, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख. घरात पुस्तकं होती, पैसा होता, ओळखी होत्या. विष्णुशास्त्री स्वतः सरकारी हायस्कुलात मास्तर होते आणि १८७४ पासून ‘निबंधमाला’ काढत होते. त्यातली धारदार मतं वरच्या साहेबांना आवडणारी नव्हती. पुढे बदली झाली ती थेट रत्नागिरीला. १८७९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि पुण्याला परतले. म्हणजे खात्यात वाढलेल्या घरातला मुलगा खात्यातून बाहेर पडला.

टिळकांचंही तसंच. वडील गंगाधरपंत शाळामास्तर, तुटपुंज्या पगारापासून सुरुवात करून शिक्षणखात्यात असिस्टंट डेप्युटी इन्स्पेक्टरपर्यंत चढलेले. १८७२ मध्ये ते वारले तेव्हा टिळक सोळा वर्षांचे होते. पण पाठीशी चुलते होते, चिखलगावची थोडीफार खोतीची मिळकत होती. गरिबी म्हणावी असं काही नव्हतं. डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. पहिल्या वर्गात, मग एलएल. बी. वकिली केली असती तर बरी चालली असती, यात शंका नाही.

आता आगरकर. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचं हे घर अगदी खंक. पोरवयातच कचेरीत उमेदवारी, मग दवाखान्यात कंपाउंडरचं काम. शिकायचं म्हणून कऱ्हाडहून रत्नागिरीला पायी गेले, तिथे निभाव लागेना म्हणून पायीच परत आले. शेवटी अकोल्याला नातेवाइकांच्या आधारानं मॅट्रिक झाले, तेही १८७५ मध्ये, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी. डेक्कन कॉलेजात अंगावर एकच सदरा, तो रात्री धुऊन सकाळी घालायचा. एम. ए. ची परीक्षा जवळ आल्यावर या मुलानं आईला पत्र लिहिलं. आता मुलाला मोठ्या पगाराची नोकरी लागेल अशी आस धरू नकोस, मी पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी खर्च करणार, असं त्याचं सार. हे पत्र आपण मुलाच्या बाजूनं वाचत आलो. टेंभूत ते पत्र हातात घेऊन बसलेल्या बाईच्या बाजूनं एकदा वाचून बघा.

वामन शिवराम आपट्यांना आज लोक कोशामुळे ओळखतात. १८९० साली निघालेला त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश अजून विकला जातो. जन्म सावंतवाडी संस्थानातला. वडील लहानपणी गेले, आई मुलांना घेऊन कोल्हापूरला आली आणि काही वर्षांत आई आणि मोठा भाऊ दोघंही गेले. त्या पोराला हेडमास्तर महादेव मोरेश्वर कुंटे यांनी आधार दिला. मॅट्रिकला त्यानं जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. शाळा खरी चालवली ती आपट्यांनी, असं माझं मत आहे. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते आणि त्याच वर्षी मार्चमध्ये चिपळूणकर वारले होते. तेव्हा मागे शाळा सांभाळायला आपटे होते. चौतिसाव्या वर्षी तेही गेले. त्यांच्या नावानं टाळ्या फारशा पडत नाहीत.

आणि महादेव बल्लाळ नामजोशी. यांच्याकडे पदवीच नव्हती. त्यांच्याकडे होता ‘डेक्कन स्टार’ नावाचा इंग्रजी पेपर चालवल्याचा अनुभव आणि माणसं जोडण्याची, वर्गणी गोळा करण्याची विलक्षण हातोटी. एम. ए. झालेल्यांच्या मेळ्यात असा एक खटपट्या माणूस लागतोच. प्रत्येक शाळेत असतो. त्याच्याशिवाय पुढचं पानही हलत नाही.

हे सगळे शेजारी शेजारी ठेवले की दोन गोष्टी डोळ्यात भरतात. एक म्हणजे ही ‘स्वतंत्र’ शाळा उभी राहिली ती सरकारी शिक्षणाच्याच जिवावर. सरकारी शाळा, सरकारी डेक्कन कॉलेज, सरकारी परीक्षा. दुसरी गोष्ट अशी की हे सगळे ब्राह्मण, त्यातही जवळजवळ सगळे चित्पावन. घरची परिस्थिती वेगवेगळी, पण पंगत एकच.

या दोन्ही गोष्टींचे परिणाम झाले. आधी पैशांचा सांगतो.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. आजीव सदस्यांनी वीस वर्षं सेवा करायची, महिना ७५ रुपये घ्यायचे, शिवाय ३,००० रुपयांचा विमा. ७५ रुपये सर्वांना सारखे. कागदावर याहून न्याय्य काय असणार?

पण ७५ रुपये प्रत्येक घरात सारखे पोचत नाहीत. गोपाळ कृष्ण गोखले १८८५ मध्ये ३५ रुपयांवर या शाळेत मास्तर म्हणून लागले आणि लवकरच आजीव सदस्य झाले. त्यांचे वडील कागलला साधी नोकरी करत होते, ते गेले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा. थोरला भाऊ गोविंद शिक्षण सोडून १५ रुपयांच्या नोकरीला लागला आणि त्यातले ८ रुपये दर महिन्याला धाकट्याच्या शिक्षणाला पाठवत राहिला. उरलेल्या सात रुपयांत त्याचं घर. पुढे वहिनीचे दागिनेही मोडले. असा मुलगा जेव्हा मास्तर होतो तेव्हा त्याचा पगार त्याच्या एकट्याचा नसतो, तो आधीच खर्च झालेला असतो. गोखल्यांनी अंकगणिताचं पुस्तक लिहिलं आणि ते खूप चाललं, यात मला तरी लोभ दिसत नाही.

टिळकांची भूमिका कडक होती. आजीव सदस्यानं सगळा वेळ आणि शक्ती संस्थेलाच द्यायची, बाहेरची कामं आणि बाहेरची कमाई नको. जेझुइट पाद्र्यांचा आदर्श त्यांच्या डोळ्यांपुढे होता. १८८७ च्या सुमाराला आगरकरांनी पगारात थोडीशी वाढ मागितली, टिळकांनी विरोध केला. गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले, त्यावरूनही खटका उडाला. १८९० च्या डिसेंबरात टिळकांनी लांबलचक राजीनामा देऊन शाळा सोडली. या भांडणाला समाजसुधारणेची बाजू होती हे खरंच. आगरकर ‘केसरी’ सोडून ‘सुधारक’ काढून मोकळे झाले होते. पण आपण तेवढंच सांगतो, कारण तत्त्वाचं भांडण ऐकायला बरं वाटतं. पाच-दहा रुपयांचं भांडण आपल्याला हलकं वाटतं.

मला नाही वाटत. माझे बाबा एका खासगी शाळेत क्लार्क होते. पगारपत्रकं त्यांच्या टेबलावर तयार व्हायची. ‘शिक्षण हे व्रत आहे’ असं व्यासपीठावरून कोण म्हणतं आणि महिन्याच्या पंचवीस तारखेला ॲडव्हान्स मागायला कोण येतं, ही दोन माणसं बहुतेक वेळा वेगळी असतात, असं ते म्हणायचे. टिळक प्रामाणिक होते, स्वतःही कष्ट उपसत होते. तरी ज्याच्या मागे गावाकडे थोडी जमीन आहे त्याचे ७५ आणि ज्याच्या मागे टेंभू आहे त्याचे ७५, यांत फरक आहेच. आगरकर १८९५ च्या जूनमध्ये गेले, एकोणचाळिसाव्या वर्षी. उशाशी पुरचुंडीत अंत्यविधीपुरते पैसे बांधून ठेवलेले होते असं सांगतात. गोखले वीस वर्षांच्या बांधिलकीतून १९०२ मध्ये निवृत्त झाले, महिना ३० रुपये पेन्शनवर.

आता दुसरा परिणाम. १८८२ साल पुन्हा एकदा घ्या.

त्या वर्षी विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग हिंदुस्थानभर फिरत होता. हंटर न्यू इंग्लिश स्कूलला आले, शाळा बघून थक्क झाले, सरकारी मदत न घेता अशी शाळा चालते याचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. आपट्यांनी आयोगापुढे साक्ष दिली. शाळेच्या इतिहासात हे पान सोन्याचं आहे.

त्याच आयोगाला त्याच शहरातून आणखी एक निवेदन गेलं. तारीख १९ ऑक्टोबर १८८२. लिहिणारे जोतीराव फुले. टिळक-आगरकरांच्या सुटकेला तेव्हा आठवडा बाकी होता. गंमत म्हणजे याच खटल्यात त्या दोघांच्या जामिनासाठी फुल्यांनी आपले स्नेही रामशेठ उरवणे यांना उभं केलं होतं. तर फुल्यांनी आयोगाला जे लिहिलं त्यात मास्तरांच्या पार्श्वभूमीचाच मुद्दा आहे. प्राथमिक शाळांतले मास्तर जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत, तेव्हा शक्यतो शेतकरी वर्गातलेच लोक मास्तर म्हणून तयार करा, म्हणजे ते मुलांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा त्यांना कळतील, असं त्यांचं म्हणणं. पगाराचंही लिहिलं. प्रशिक्षित मास्तराला महिना १२ रुपयांहून कमी नको, मोठ्या गावात १५ किंवा २०.

हंटर ज्या वर्गांतून हिंडले तिथे मास्तर बुद्धिमान होते, शिस्त होती, निकाल चांगले लागत होते. फुल्यांचा प्रश्न त्यातल्या कशाचंही खंडन करत नाही. तो एवढंच विचारतो की फळ्यापाशी कोण उभं आहे आणि ते पाहून बाकावरच्या मुलाला काय वाटतं. आणि मुळात बाकावर कोण पोचतं. न्यू इंग्लिश स्कूलच्या मास्तरांना गरिबी माहीत होती. आगरकरांना, आपट्यांना, गोखल्यांना तर हाडापर्यंत माहीत होती. पण त्यांच्या गरिबीला वाट होती. कोणीतरी नातेवाईक, कोणीतरी हेडमास्तर, अक्षर ओळखणारं घर. टेंभूच्या महारवाड्यातला मुलगा कितीही चालला असता तरी त्याला रस्त्याच्या शेवटी असा नातेवाईक भेटला नसता. आगरकरांनी जातीविरुद्ध सडकून लिहिलं, मनापासून लिहिलं. शिक्षकांच्या खोलीतली पंगत मात्र होती तशीच राहिली.

आणि त्या खोलीबाहेरची माणसं? घंटा देणारा, पाणी भरणारा, नामजोशींनी आणलेल्या वर्गणीची जमाखर्चाची वही लिहिणारा. चरित्रं मास्तरांची लिहिली गेली.

टिळक गेल्यावर त्यांच्या जागी १८९१ मध्ये गणित शिकवायला फर्ग्युसनमध्ये आले धोंडो केशव कर्वे. मुरुडचे. मुलकी परीक्षेला बसण्यासाठी पावसापाण्यातून घाट ओलांडून साताऱ्याला पायी गेलेले, आणि वय लहान दिसतं म्हणून परत पाठवलेले. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं, मुरुडनं त्यांना वाळीत टाकलं. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. तिथे शिक्षक कुठून आणायचे हा प्रश्न होता. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले, विसाव्या वर्षी विधवा झालेल्या, सव्विसाव्या वर्षी शिकायला बसल्या. याच बाई पुढे आश्रमाचं काम बघू लागल्या, वर्गणीसाठी गावोगाव फिरल्या आणि १९१८ मध्ये अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून इंग्रजी शिकल्या. ज्यांच्यासाठी शाळा काढली त्यांच्यातूनच तिला माणूस मिळाला. तरी हिंगण्याचं दारही सुरुवातीला ब्राह्मण विधवांपुरतंच उघडं होतं, हे विसरता येत नाही.

फुल्यांनी मागितलेला मास्तर यायला त्याहून वेळ लागला. जैन शेतकरी कुटुंबातले भाऊराव पाटील कधी काळी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडत. १९१९ मध्ये काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. काले कऱ्हाडच्याच परिसरातलं, आगरकरांच्या टेंभूपासून फार लांब नाही. १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात खेड्यांसाठी शिक्षक तयार करणारं अध्यापक विद्यालय काढलं. फुल्यांचं निवेदन तेव्हा ५३ वर्षांचं जुनं झालं होतं. पुढे त्या विद्यालयाला महात्मा फुल्यांचंच नाव दिलं गेलं.