कोल्ट एम १९११ पिस्तूल

अमेरिकेच्या भूसेनेने १९११ मध्ये स्वीकारलेले ०·४५ इंच (११·४३ मिमी.) अंतर्व्यासाचे पिस्तूल. ते शस्त्रशिल्पी जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) याने तयार केले. त्याचे रूप एकाएकी सिद्ध झाले नाही. चाचण्यांत आढळलेल्या उणिवा दूर करीत ते घडत गेले.

ब्राउनिंगच्या १९०० च्या ०·३८ इंची नमुन्यात नळी पुढे व मागे अशा दोन दुव्यांनी सांगाड्यास जोडलेली होती. नळीवरील सरकते आवरण पुढील एका पाचरीने अडविलेले असे; ती निसटल्यास आवरण मागे उडून नेमबाजाच्या तोंडावर आदळण्याचा धोका होता. फिलिपीन्समधील लढायांत ०·३८ इंची रिव्हॉल्व्हरची गोळी प्रतिपक्षास थोपविण्यास अपुरी पडली. १९०४ मधील लष्करी चाचण्यांनंतर किमान ०·४५ इंची गोळीची शिफारस झाली. त्या मापाचा कोल्टचा नमुना १९०५ मध्ये आला. १९०७ च्या स्पर्धेनंतर त्यात मुठीमागील सुरक्षा-खटका आला. पुढील नमुन्यांत नळीस मागे एकच दुवा ठेवण्यात आला व आवरण पुढच्या बाजूने काढण्याची सोय झाली. त्यामुळे जुना धोका टळला. अंगठ्याने चालविण्याचा खटका १९१० मध्ये जोडला गेला.

मार्च १९११ मधील अंतिम चाचणीत ६,००० फैरी झाडल्या गेल्या. प्रतिस्पर्धी सॅव्हेज पिस्तूल अनेकदा अडले. कोल्ट एकदाही अडले नाही. २९ मार्च रोजी ते स्वीकृत झाले. १९२० नंतरच्या दशकात चाप आखूड करणे, मुठीस मागून बाक देणे असे किरकोळ बदल झाले. १९८५ मध्ये त्याच्या जागी ९ मिमी. बेरेटा पिस्तुलाची निवड झाली.