वऱ्हाडची रुई आणि वऱ्हाडचे नाटक



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी त्यांना विचारले, "नाटकावर बोलायला माझेच नाव कसे निघाले?" मी नाटककार नव्हे, नट नव्हे, प्राध्यापक तर नव्हेच. शाळा अर्ध्यावर सोडून मी जिनिंगच्या फाटकात शिरलो; पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. गेली तीस वर्षे अकोला-अमरावतीकडच्या जिनांतून, दालमिलांतून आणि बाजार समित्यांच्या आवारांतून हमाल-मजुरांची संघटना बांधणे हेच माझे काम. चालक म्हणाले, "नाटकाच्या नव्या हंगामाची आखणी चालू आहे. ह्या खेपेस नव्या लेखकांना हात द्यावा असा हौशी मंडळींचा विचार आहे. तुम्ही तिकीट काढून बसणाऱ्याच्या बाजूने बोला." ती बाजू मला ठाऊक आहे, म्हणून आलो.

नव्या नाटककाराला उत्तेजन कसे द्यावे, ह्या प्रश्नाला आपण बहुधा एकच उत्तर देतो: बक्षीस द्यावे. हे उत्तर कितपत पुरते, ते आपल्याच प्रांताच्या इतिहासाला विचारून पाहू.

वऱ्हाडचा अर्वाचीन इतिहास कापसापासून सुरू होतो. १८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडची रुई लँकेशायरला मिळेनाशी झाली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला जाऊन पोहोचली. ती आली होती गाठी न्यायला. पण त्याच रुळांवरून नाटक मंडळ्यांचे पेटारे येऊ लागले. गावात पैसा खेळत होता, वकिली भरभराटीस आली होती, आणि मंडळीला महिना-महिना मुक्काम करण्याजोगा प्रेक्षक येथे मिळत होता. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे त्या काळच्या रसिकतेचे ठळक उदाहरण. टिळकांचे सहकारी, नामांकित वकील आणि नाटकाचे मोठे शौकीन. १९०५ साली मुंबईस पहिले नाट्यसंमेलन भरले तेव्हा अध्यक्षस्थानी हेच वऱ्हाडचे गृहस्थ होते.

यजमान म्हणून आम्ही कमी पडलो नाही. पण यजमानाच्या घरी स्वयंपाक मात्र बाहेरचा होता. मंडळी सांगलीची, पुण्याची, हुबळीची. नट तिकडचे, नाटककार तिकडचे. वऱ्हाडने द्यायचा तो पैसा आणि टाळ्या.

हा क्रम मोडला अमरावतीच्या वामनराव जोशी ह्यांनी. लोक त्यांना वीर वामनराव म्हणत, कारण स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी तुरुंग पाहिला होता. त्यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' हे नाटक पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर केशवराव भोसले ह्यांच्या ललितकलादर्श मंडळीने केले, आणि त्यातील मृणालिनीच्या भूमिकेत स्वतः केशवराव उभे राहिले. पुढे १९२७ साली 'रणदुंदुभी' आले. ते केले बळवंत संगीत मंडळीने. त्यात तेजस्विनीची भूमिका मास्टर दीनानाथांची. परवशतेची चीड त्या नाटकातून अशी काही उसळली की त्यातील पदे राजकीय सभांतूनही ऐकू येत. वामनराव १९५६ साली वारले. वऱ्हाडचा नाटककार म्हणून आजही पहिले नाव त्यांचेच निघते.

आता मजुराच्या हिशेबाने पाहा. लेखक अमरावतीचा, पण नाटक उभे केले ते हुबळीस जन्मलेल्या एका मंडळीने आणि बाहेरच्याच दुसऱ्या एका मंडळीने. आमच्या कापसाचे असेच होते. सरकी काढायची, रुई दाबायची, गाठ बांधायची आणि मुंबईला लावून द्यायची; तेथून कापड होऊन आले की दुप्पट भावाने विकत घ्यायचे. पुढे अकोल्याला, अचलपूरला कापडाच्या गिरण्या निघाल्या. परंतु नाटकाची गिरणी काही येथे निघाली नाही.

त्या बाहेरच्या मंडळ्यांना मी नावे ठेवीत नाही. उलट त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. नाटक मंडळी ही नाटककाराची शाळा होती. राम गणेश गडकरी किर्लोस्कर मंडळीत शिरले ते प्रथम मुलांना शिकवण्याच्या कामावर. खाडिलकर स्वतः तालमी घेत. लिहिणाऱ्याच्या पोटाची सोय होई, वाक्य नटाच्या तोंडी कसे बसते हे रोज कानावर पडे. आणि एक प्रयोग पडला तर पुढल्या गावी दुसरा असे. कारागीर असाच तयार होतो. रेच्यावर बसलेल्या मुलाला पहिल्या दिवशी शाबासकी देऊन घरी पाठवले, तर तो कधी तरी फिटर होईल काय?

१९२७ सालाची आणखी एक आठवण येथे सांगितली पाहिजे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. प्रश्न होता अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा. देवळाचे दार ज्यांना बंद होते ते नाटकगृहात एकत्र जमले. नाट्यगृह ही केवळ करमणुकीची जागा नव्हे, गावाने आपले म्हणणे उभ्याने सांगण्याची ती जागा आहे, हे ह्या घटनेवरून दिसते. मग त्या जागेवर उभे राहून बोलायचे कोणी, हा प्रश्न नुसत्या कलेचा राहत नाही. मामा वरेरकरांनी १९३२ साली 'सोन्याचा कळस' लिहून गिरणीकामगार रंगभूमीवर आणला. पण तो आणला मामांनी. कामगाराने स्वतः लिहावे ही पाळी यायला आणखी पुष्कळ वर्षे जावी लागली.

त्याच १९३२ साली 'अयोध्येचा राजा' ह्या बोलपटाने मराठीत तोंड उघडले आणि थोड्याच वर्षांत मंडळ्या एकामागून एक बसल्या. नाटककाराची शाळाही त्यांच्याबरोबर बंद पडली. तिच्या जागी हौशी संघ आले, आणि १९५० नंतर सरकारी नाट्यस्पर्धा आली. विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. तशी ती स्पर्धा आमच्याकडेही पोहोचली. अकोल्यास, अमरावतीस तिच्या प्राथमिक फेऱ्या होत आल्या आहेत. ह्या स्पर्धेचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली रंगभूमीवर आले ते स्पर्धेच्या निमित्तानेच. तालुक्याच्या गावचा शिक्षक, बँकेतला कारकून, एस.टी.चा कंडक्टर ह्यांना तिने रंगमंच दाखवला.

तरी तिची मर्यादा मी जवळून पाहिली आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतल्या एका दालमिलच्या हमालाने नाटक लिहिले. विषय त्याच्या घरचाच: बाप जमीन विकतो आणि मुलगा त्याच जमिनीवर उठलेल्या गोदामात पोती उचलतो. कचेरीत रात्री तालमी झाल्या. एका स्पर्धेत प्रयोग झाला, उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळाले. पुढे गावात दुसरा प्रयोग लावावा म्हणून आम्ही सभागृहाचे भाडे विचारले, तर ते त्या बिचाऱ्याच्या दोन महिन्यांच्या मजुरीइतके निघाले. वही पेटीत गेली. मी त्याला म्हणालो, "दुसरं लिही." तो म्हणाला, "भाऊ, पेरलं आन् दुसऱ्याच दिशी वखरून टाकलं. पीक कसं येईन?" त्याला उत्तर द्यायला माझ्याजवळ काही नव्हते. त्याने त्यानंतर लिहिले नाही. ह्या गोष्टीत माझाही दोष आहे. बोनसच्या मागणीसाठी मी दहा वेळा दार ठोठावले; त्याच्या नाटकासाठी एकदाच ठोठावले.

आता ज्याचे पीक आले अशा एकाची हकीकत पाहू. महेश एलकुंचवार हे यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे, राहणारे नागपूरचे. तरुणपणी एकदा ते सिनेमाला गेले, तिकीट मिळाले नाही, म्हणून जवळच चाललेल्या नाटकाला जाऊन बसले. ते होते तेंडुलकरांचे 'मी जिंकलो, मी हरलो', दिग्दर्शन विजया मेहतांचे. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेच नाटक पाहायला गेले आणि आपणही नाटक लिहायचे असे ठरवून बाहेर पडले. १९६७ साली त्यांची 'सुलतान' ही एकांकिका 'सत्यकथे'त छापली गेली. ती विजयाबाईंच्या नजरेस पडली आणि 'रंगायन'ने त्यांच्या एकांकिका केल्या. म्हणजे बाहेरगावचे एक चांगले नाटक वेळेवर गावात आले, एका संपादकाने अनोळखी माणसाचे लेखन छापले आणि एका दिग्दर्शिकेने ते उभे केले. ही तीन माणसांची साखळी होती. तीत बक्षीस कोठेच नव्हते.

परंतु १९८५ साली त्यांचे 'वाडा चिरेबंदी' आले, वैदर्भीय खेड्यातल्या देशपांड्यांच्या ढासळत्या वाड्याचे, तेव्हा ते उभे राहिले ते मुंबईच्या 'कलावैभव'तर्फे. वामनरावांनंतर दोन पिढ्या गेल्या, तरी गाठ मुंबईलाच गेली.

त्याच सुमारास पुण्याच्या थिएटर अकॅडमीने फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने नाटककार घडवण्याची आणि गावोगावच्या नाट्यसंस्थांना बळ देण्याची योजना आखली. ती १९८५ पासून सुमारे नऊ वर्षे चालली. पुढे प्रेमानंद गज्वी ह्यांनी बोधी नाट्य परिषदेमार्फत नाट्यलेखनाच्या कार्यशाळा घेतल्या. गज्वींचे 'घोटभर पाणी' सर्वांना ठाऊक आहे. दोन पात्रे, नेपथ्य जवळजवळ नाही, आणि विषय पाण्याचा. ते गावोगावी झाले ह्याला त्याचा आशय जसा कारण, तसाच त्याचा कमी खर्चही कारण. नव्या लेखकाने हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक अडचण भाषेची आहे. वऱ्हाडी बोली रंगभूमीवर बरीच वर्षे आली ती गड्याच्या नाहीतर विदूषकाच्या तोंडी. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी 'वऱ्हाडी माणसं' लिहून तिला घरात घेतले, हे त्यांचे उपकार. वस्तुतः ह्या बोलीचे सामर्थ्य आपल्याला आधीच कळायला हवे होते. शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनाला उभे राहिले की हजारोंच्या समुदायाला प्रश्न विचारीत, समुदाय उत्तर देई, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. पडदा नाही, पेटी नाही, हातात खापर आणि तोंडात वऱ्हाडी. ह्याहून मोठा रंगप्रयोग आमच्या मातीने पाहिलेला नाही. असे असता आमचा तरुण लेखक पुण्याच्या बोलीत पात्रे बोलवतो आणि मग ती लाकडी झाली म्हणून खंत करतो!

तेव्हा येत्या हंगामासाठी माझ्या मागण्या मी युनियनच्या पद्धतीने क्रमाने मांडतो.

पहिली मागणी, बक्षिसाच्या रकमेतून प्रयोग द्या. निवडलेल्या प्रत्येक नव्या नाटकाचे निदान तीन प्रयोग व्हावेत: एक अकोल्यास, एक अमरावतीस, एक अचलपूर किंवा मूर्तिजापूर अशा तालुक्याच्या गावी. पहिल्या प्रयोगात लेखकाला चूक कळते, दुसऱ्यात ती दुरुस्त होते, तिसऱ्यात नाटक उभे राहते.

दुसरी, नव्या लेखकाच्या प्रयोगाला सभागृहाचे भाडे निम्मे असावे. सभागृह लोकांच्या पैशाचे आहे.

तिसरी, तालमीपूर्वी जाहीर वाचन व्हावे, आणि त्याला नटांबरोबर ज्यांच्याविषयी नाटक आहे ती माणसेही बोलवावीत.

चौथी मागणी हंगामाची. स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात होतात; नेमका तोच जिनिंगचा भर असतो. त्या दिवसांत मजुराची रात्रपाळी चुकत नाही. तो तालमीला येऊ शकत नाही आणि प्रयोगालाही नाही. होळीनंतर जिने थंडावतात. स्पर्धा आपल्या जागी राहो. गावाने आपला स्वतःचा नव्या नाटकांचा हंगाम होळीनंतर, मोकळ्या मैदानात, रात्री लावावा.

कोणी म्हणेल, प्रेक्षक कोठून आणणार? ही शंका रास्त आहे. अनोळखी लेखकाच्या नावावर तिकीट खपत नाही. ह्याचा भार आम्ही संघटनांनी उचलला पाहिजे. मेळाव्याला माणसे जमवता येतात, तर नाटकालाही येतात. वर्गणीतून काही तिकिटे आधीच घेऊन ठेवता येतात. आमच्या संघटनेपुरता शब्द मी आज ह्या व्यासपीठावरून देतो: होळीनंतर जे नवे नाटक होईल त्याच्या दोन रांगा आमच्या. नाटक फसले तरी पुढल्या वर्षी त्या दोन रांगा कायम.

आमच्या कापसाची रुई बाहेर गेली, जाऊ द्या. ती जाणारच, आणि मुंबईने आपल्या लेखकांना मान दिला ह्याचा आनंदच आहे. पण जिनात रुई वेगळी झाली की सरकी मागे उरते, आणि पुढच्या मृगाला शेतकरी पेरी ती त्यातलीच होती. निदान तेवढी तरी आपण गावात ठेवू या. त्या हमालाची वही अजून त्याच्या पेटीत आहे; मी गेल्या आठवड्यात विचारून आलो. पहिले वाचन तिचेच व्हावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.