जीपच्या बॉनेटखालचं कुळ

जुन्या जीपचं वय आरसी बुकात सापडतं, तिच्या इंजिनाचं तिथे सापडेलच असं नाही. पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात गॅरेजच्या दारात अजूनही उंच बॉनेटची एखादी महिंद्रा उभी दिसते. जन्मली पेट्रोलवर, चालते डिझेलवर. प्रवासी भरून जव्हार-मोखाड्याचे चढ पेट्रोलवर चढणं परवडेना, तेव्हा इंजिन बदली झालं. अशी गाडी घेणाऱ्याने किमतीआधी एक प्रश्न विचारावा: हे इंजिन कोणत्या घरचं?

मूळ घर अमेरिकेतलं, ओहायोतल्या टोलेडो शहरातलं. विलीज कंपनीच्या 1933 च्या मोटारीतलं 48 अश्वशक्तीचं साधं इंजिन डेल्मर रूस या अभियंत्याने सुधारून 60 अश्वशक्तीपर्यंत नेलं. ते दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये बसलं. त्या जीप विलीज आणि फोर्ड या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक बनवल्या. फोर्डच्या इंजिनाचा क्रमांक ‘जीपीडब्ल्यू’ने सुरू होतो, विलीजचा ‘एमबी’ने. फोर्ड तर बोल्टवरसुद्धा आपला ‘एफ’ ठोकायचा. आकडा झिजला असेल तर टायमिंगचं कव्हर काढावं. युद्धकाळच्या इंजिनात आत साखळी असते, युद्धानंतर लवकरच तिथे दातेरी चाकं आली. इतकी स्पष्ट खूण फार थोड्या इंजिनांना लाभली आहे.

महिंद्राने भारतात दीर्घकाळ बनवलं ते त्याचं पुढचं रूप, हरिकेन. ब्लॉकचं घराणं तेच, 134 घनइंचांचं, म्हणजे 2199 सीसी. पण आधीच्या इंजिनाचं हेड सपाट होतं. हरिकेनमध्ये आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्येच राहिले. त्यामुळे कार्ब्युरेटर हेडवर बसलेला दिसला की हरिकेन समजावं.

डिझेलची पहिली वाट ट्रॅक्टरवरून आली. 1963 मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली आणि कांदिवलीला बी-275 ट्रॅक्टर तयार होऊ लागला. या ट्रॅक्टरचं मूळ गाव इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड. त्याचं 144 घनइंची डिझेल इंजिन पुढे थेट जीपमध्ये उतरलं. शेतासाठी घडलेलं इंजिन: वेग कमी, आवाज मोठा, ताकद खालच्या फेऱ्यांत. घाटात माणसं ओढायला हाच स्वभाव उपयोगी पडला.

दुसरी वाट फ्रान्सची. प्यूजोचं एक्सडीपी 4.90 हे इंजिन महिंद्राने इगतपुरीला परवान्यावर बनवलं. इगतपुरी तशी मोखाड्याच्या डोंगरांपलीकडेच आहे. या नावातच माप दडलंय: चार सिलिंडर, 90 मिलिमीटरचा बोअर. 83 मिलिमीटरचा स्ट्रोक धरला की बरोबर 2112 सीसी भरतात. टोलेडोवाले घनइंचात नाव ठेवत, फ्रेंच लोक बोअरच्या व्यासावर.

म्हणून पाहणीची सुरुवात पान्यापासून करावी, असं मला वाटतं. विलीज आणि ट्रॅक्टरच्या इंजिनाला इंची पाने लागतात. मिस्त्री अजून त्यांना सुतात मोजतात, चार सूत म्हणजे अर्धा इंच. प्यूजोच्या बोल्टना एमएमचे पाने लागतात. ब्लॉकला घट्ट बसलेले दोन-चार मूळ बोल्ट पाहिले की देश निम्मा ठरतो. कार्ब्युरेटर, डायनॅमो, पंप यांवर विसंबू नये. ते कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या दुकानांतून कधीचेच बदललेले असतात. हेडसुद्धा दुसऱ्याचं असू शकतं.

मग आकडे. ठोकलेला क्रमांक आणि ओतीव क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठोकलेला क्रमांक त्या एका इंजिनाचा, घासून नवा ठोकता येण्याजोगा. ओतीव अक्षरं साच्यातूनच उठून आलेली असतात. ती त्या एका इंजिनाबद्दल काही सांगत नाहीत, पण नमुना कोणता ते सांगतात आणि सोबत तारीख असेल तर ब्लॉक कधी ओतला तेही. त्याआधी ते इंजिन जन्मलेलं असूच शकत नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेने आणि एमआयडीसीच्या धुराने अक्षरं खाल्ली असतील तर आधी तारेच्या ब्रशने हळू साफ करावं, वर कागद धरून पेन्सिल फिरवावी. आरटीओत चासी नंबरची प्रिंट अशीच घेतात.

वयं मात्र दोन असतात. ब्लॉक 1960 च्या दशकातला आणि पिस्टन कालचे, असं सर्रास सापडतं. बोअर किती वाढवला ते पिस्टनच्या माथ्यावरचा ओव्हरसाइजचा आकडा सांगतो, त्यामुळे हेड उघडेपर्यंत सौदा पक्का करू नये. आणि कागद: मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे बदललेल्या इंजिनाला आरटीओची मान्यता आणि आरसीवर नोंद लागते. आरसीवरचा क्रमांक आणि ब्लॉकवरचा क्रमांक जुळत नसतील, किंवा क्रमांकाची जागा ग्राइंडरने चकचकीत केलेली असेल, तर ती जीप कितीही देखणी असली तरी घेऊ नये.