अंगणवाडी सेविका

अंगणवाडी सेविका ही भारतातील एकात्मिक बालविकास सेवा योजनेअंतर्गत गाव, पाडा किंवा शहरी वस्तीच्या पातळीवर काम करणारी मानधनी कार्यकर्ती होय. सहा वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया आणि स्तनदा माता यांना पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण व आरोग्यविषयक सेवा मिळवून देणे हे तिचे मुख्य काम आहे. तिच्या मदतीला अंगणवाडी मदतनीस असते. देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या असून महाराष्ट्रात ही संख्या एक लाखाहून अधिक आहे. सेविका ही शासनाच्या नोंदीत ‘मानसेवी’, म्हणजे स्वेच्छेने समाजकार्य करणारी स्त्री मानली जाते. प्रत्यक्षात तिच्यावर कायद्याने ठरवून दिलेल्या जबाबदाऱ्या आहेत. या विसंगतीतून गेली अनेक दशके न्यायालयीन आणि रस्त्यावरचे लढे उभे राहिले आहेत.

नाव आणि पूर्वपीठिका

‘अंगणवाडी’ या कल्पनेचे मूळ महाराष्ट्रात आहे. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्या सहकारी होत्या. गावात बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतील मुले तेथे येत नसत. जातीचा अडसर होता, दारिद्र्य होते, आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम याच मुलांकडे असे. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली आणि ती अंगणवाडी झाली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम करताना याच विचारातून गुरे राखणाऱ्या मुलांकरिता कुरणशाळा भरवली गेली. मूल शाळेपर्यंत पोहोचत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, हे या प्रयोगांचे सूत्र होते.

केंद्र शासनाने १९७४ साली राष्ट्रीय बालक धोरण जाहीर केले. त्यानंतर २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांमध्ये प्रायोगिक स्वरूपात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. योजनेची मांडणी करताना असे गृहीत धरले होते की, गावातीलच एखादी शिकलेली स्त्री दिवसातील काही तास समाजासाठी देईल आणि त्याबद्दल तिला अल्प मानधन मिळेल. मानसेवी दर्जाची सुरुवात येथे झाली.

निवड

सेविका व मदतनीस ही दोन्ही पदे स्त्रियांसाठीच आहेत. उमेदवार स्थानिक रहिवासी असावी लागते. महाराष्ट्रात आता किमान बारावी उत्तीर्ण ही अट आहे, मात्र जुन्या सेविकांमध्ये सातवी किंवा दहावीपर्यंत शिकलेल्या अनेक जणी आढळतात. साधारणतः ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी असा निकष आहे. आदिवासी व डोंगराळ भागासाठी तो शिथिल असून लहान पाड्यांसाठी मिनी अंगणवाडीची तरतूद करण्यात आली; तेथे बहुधा मदतनीस नसे आणि सगळी कामे एकट्या सेविकेवर पडत. सेविकेच्या वर पर्यवेक्षिका (पूर्वीचे रूढ नाव मुख्यसेविका) आणि त्यांच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी असतात. ही वरची पदे नियमित शासकीय सेवेतील आहेत. एकाच योजनेत वरच्या पायऱ्यांना वेतन आणि सर्वांत खालच्या पायरीला मानधन, अशी ही रचना आहे.

कामाचे स्वरूप

योजनेत सहा सेवा ठरवून दिलेल्या आहेत : पूरक पोषण आहार, अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा. यांतील शेवटच्या तीन सेवा आरोग्य विभागामार्फत दिल्या जातात. तेथे सेविका ही परिचारिका व आशा स्वयंसेविका यांची सहकारी असते.

आहाराचे प्रमाण निश्चित आहे. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकास दररोज ५०० किलोकॅलरी ऊर्जा व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तर गरोदर स्त्री व स्तनदा मातेस ६०० किलोकॅलरी व १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे अपेक्षित आहे. वर्षातील ३०० दिवस हा आहार द्यायचा असतो. तीन वर्षांवरील मुले अंगणवाडीत बसून शिजवलेला गरम आहार घेतात. त्याहून लहान बालकांसाठी घरपोच आहार दिला जातो. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत २०१५ पासून डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली गरोदर स्त्रिया व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण देण्याचे कामही अंगणवाडीकडेच आले.

बालकाची वाढ तपासणे हा सेविकेच्या कामाचा सर्वांत कळीचा भाग मानावा लागेल. दरमहा प्रत्येक बालकाचे वजन घेऊन ते वाढीच्या आलेखावर नोंदवले जाते. उंची मोजली जाते आणि दंडघेर पट्टीने दंडाचा घेर पाहिला जातो. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास मूल तीव्र कुपोषित समजले जाते. अशा बालकाला गावातच ग्राम बालविकास केंद्रात दाखल करून दिवसातून अनेक वेळा थोडा थोडा आहार देणे, प्रकृती अधिक बिघडल्यास रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवणे आणि त्यासाठी मजुरी बुडण्याच्या भीतीने नकार देणाऱ्या आईवडिलांची समजूत घालणे ही कामे सेविकेची आहेत. मेळघाट, नंदुरबार, पालघर यांसारख्या भागांत कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील बालके हंगामात गावात नसतात, आणि आलेखावरील रेषा तेथेच तुटते. कुपोषणाच्या आकडेवारीवर विधिमंडळात आणि न्यायालयात जी चर्चा होते, तिच्यातील योजनेच्या आकड्यांचे मूळ या वजनकाट्यापाशी असते.

याखेरीज सर्वेक्षणे व इतर विभागांची कामेही सेविकांकडे येतात. कोविड-१९ साथीच्या काळात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत त्या घरोघरी फिरल्या. २०२४ साली ‘मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरून घेण्याचे कामही त्यांच्याकडे आले. त्यासाठी पात्र अर्जामागे ५० रुपये देण्याचे शासनाने जाहीर केले होते.

नोंदी आणि भ्रमणध्वनी

दीर्घकाळ अंगणवाडीची माहिती हाताने लिहिलेल्या नोंदवह्यांत ठेवली जाई. योजनेच्या पुनर्रचनेनंतर अशा ११ नोंदवह्या ठरवण्यात आल्या. २०१८ च्या पोषण अभियानापासून स्मार्टफोनवर नोंदी सुरू झाल्या आणि मार्च २०२१ मध्ये केंद्र शासनाचे ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आले. दिलेले फोन कमी क्षमतेचे होते, ते वारंवार बंद पडत, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी येई आणि ॲपमधील माहिती इंग्रजीत भरावी लागे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत परत केले. ‘फोन वापसी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या आंदोलनातील मराठी भाषेतील ॲपची मागणी विशेष लक्षणीय होती. ज्या नोंदीवर बालकाचा आहार अवलंबून आहे, ती नोंद करणारीला वाचता आली पाहिजे, असा तिचा अर्थ होता.

मानधन

मानधनात केंद्र व राज्य या दोहोंचा वाटा असतो. केंद्राने सेविकेचे मानधन २०११ साली दरमहा ३,००० रुपये केले आणि ऑक्टोबर २०१८ पासून ते ४,५०० रुपये झाले. मदतनीसांसाठी ही रक्कम २,२५० रुपये आहे. राज्ये त्यात आपली भर घालतात, त्यामुळे राज्याराज्यांत मोठा फरक दिसतो. महाराष्ट्रात २०२३ मध्ये सेविकेचे एकूण मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये आणि मदतनीसांचे ४,४२५ वरून ५,५०० रुपये करण्यात आले. २०२४ मध्ये त्यात अनुक्रमे ३,००० व २,००० रुपयांची वाढ जाहीर झाली.

न्यायालयीन निर्णय

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या अन्नाच्या हक्काविषयीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून अनेक आदेश दिले. डिसेंबर २००६ च्या आदेशात डिसेंबर २००८ पर्यंत १४ लाख अंगणवाड्या सुरू करण्यास सांगण्यात आले. तसेच ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० बालके आहेत, तिला मागणीनंतर तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे, असेही त्यात म्हटले होते. योगायोग असा की, त्याच महिन्यात कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी या खटल्यात याच न्यायालयाने अंगणवाडी सेविका शासकीय पद धारण करत नाहीत, असा निर्णय दिला.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ मुळे अंगणवाडीतील आहार हा बालकांचा व मातांचा कायदेशीर हक्क झाला. या बदलाचा आधार घेऊन २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधील मणिबेन मगनभाई भारिया यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीसांना उपदान अधिनियम, १९७२ लागू होतो, असे ठरवले. अंगणवाडी ही ‘आस्थापना’ आहे आणि मानधन हे त्या कायद्यापुरते ‘वेतन’ आहे, असे न्यायालयाने मानले. उपदानाव्यतिरिक्त नियमित वेतनश्रेणी व निवृत्तिवेतनाचा प्रश्न या निर्णयाने सुटला नाही. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजनाकर्मींना कामगार मानून किमान वेतन द्यावे, अशी शिफारस केली होती.

महाराष्ट्रातील संप

महाराष्ट्र राज्य अंगणवाडी कर्मचारी कृती समितीच्या नेतृत्वाखाली ११ सप्टेंबर २०१७ पासून राज्यव्यापी संप झाला. तो मिटल्यावर मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने सेविकांना अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा (मेस्मा) लागू केला. ज्यांना कर्मचारी मानले जात नाही, त्यांनी संप करू नये म्हणून कर्मचाऱ्यांसाठीचा कायदा लावणे कसे योग्य, असा सवाल संघटनांनी केला. विधिमंडळातही तीव्र विरोध झाला आणि काही दिवसांतच या निर्णयाला स्थगिती देण्यात आली. दुसरा मोठा संप ४ डिसेंबर २०२३ रोजी सुरू होऊन जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत चालला. मानधनवाढ, उपदान व मासिक निवृत्तिवेतन या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. संपकाळात अनेक अंगणवाड्या बंद राहिल्याने बालकांच्या आहाराचा प्रश्न उभा राहिला आणि अनेक सेविकांना सेवासमाप्तीच्या नोटिसा बजावण्यात आल्या.