सर्व्हेवाले, विद्यार्थी आणि वस्ती

मुंबईत समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचे फील्डवर्क सुरू झाले ते नागपाड्यात. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शर्ट यांनी १९२७ मध्ये तिथे नागपाडा नेबरहूड हाउस सुरू केले. पुढे १९३६ मध्ये त्यांच्याच संचालकपदाखाली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कचे वर्ग भरू लागले. कामगारांच्या चाळी दारातच असल्याने अभ्यासाचा विषय शोधायला लांब जावे लागत नव्हते. ही संस्था १९४४ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली आणि १९५४ मध्ये देवनारला गेली. मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था अशी महाविद्यालयेही निघाली. आठवड्याचे दोन दिवस वस्तीत, मग त्याचे रेकॉर्डिंग आणि सुपरवायझरबरोबर चर्चा, हा शिरस्ता सगळीकडे रुळला.

दरम्यान शहर पालटत होते. चाळींत जागा उरली नाही, तशा मोकळ्या जमिनींवर, खाडीच्या कडेला आणि फूटपाथवर झोपड्या उभ्या राहिल्या. चाळकऱ्याला निदान भाड्याची पावती दाखवता येत असे. झोपडीवाल्याजवळ तेवढाही कागद नव्हता. त्यामुळे कोणी वही उघडून नाव विचारले की त्याच्या डोळ्यांपुढे घर राहणार की जाणार हाच प्रश्न उभा राही.

ही भीती उगाच नव्हती. राज्य सरकारने ४ जानेवारी १९७६ रोजी एका दिवसात झोपड्यांची गणना केली. मुंबईत सुमारे २८ लाख लोक मोजले गेले आणि गणनेत नाव आलेल्यांना फोटोपास मिळाले. घर हलवायची वेळ आलीच, तर पर्यायी जागेचा आधार म्हणजे हा पास. त्याच वर्षी अणुशक्ती केंद्राजवळची जनता कॉलनी पाडून हजारो कुटुंबे चीता कॅम्पला हलवण्यात आली. म्हणजे मोजणीनंतर कागद मिळतो आणि मोजणीनंतर बुलडोझरही येतो, हे दोन्ही वस्तीने एकाच वर्षात पाहिले. पुढे पुनर्वसनाची पात्रता १ जानेवारी १९९५ या तारखेला बांधली गेली. २००४-०५ च्या हिवाळ्यातल्या मोहिमेत ८० हजारांहून अधिक झोपड्या पाडल्या गेल्या, तेव्हा त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे शेजारी वेगळे पडले.

‘इथे कधीपासून राहता?’ हा विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीतला साधा वाटणारा प्रश्न सर्वांत अवघड ठरला तो यामुळे. उत्तर बहुधा पात्रतेच्या तारखेच्या अलीकडे येतच नाही. त्याला खोटेपणा म्हणणे हा वरवरचा निवाडा झाला. उत्तर देणारा घराचा पुरावा सांभाळत असतो. खोलीत मालक राहतो की भाडेकरू, माळा कधी चढवला, वीज कुणाच्या मीटरवरून येते, या प्रश्नांचेही तेच. घरमालक जवळ उभा असेल तर भाडेकरू गप्प बसतो, आणि दहा बाय पंधराच्या खोलीत जवळ कोण उभे नसते? बाईला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दारातून शेजारीण देते, पोरे हसतात, मागून सासू दुरुस्ती सुचवते. एकांतात मुलाखत घ्यावी असे पुस्तक सांगते. देवनारशेजारच्या गोवंडीच्या गल्लीत एकांत नसतोच.

वेळेचे गणितही जुळत नाही. विद्यार्थी सकाळी अकराला पोचतो तेव्हा कमावती माणसे कामावर गेलेली असतात. घरी असलेल्या बाईचे लक्ष नळाच्या वेळेकडे नाहीतर जरीच्या कामाकडे असते. संध्याकाळी सगळे भेटतात, पण तेव्हा विद्यार्थ्याला परत निघायचे असते. महिन्याचे उत्पन्न विचारावे तर उत्तर रोजीत मिळते, आणि महिन्यात किती दिवस काम लागले याचा हिशेब कुणी ठेवलेला नसतो. सत्र संपले की विद्यार्थी जातात. पुढच्या वर्षी नवी तुकडी त्याच दारात तेच प्रश्न घेऊन उभी राहते, तेव्हा ‘मागच्या वेळी लिहून नेलं त्याचं काय झालं?’ या सवालाला तिच्याकडे उत्तर नसते.

या कोंडीला वेगळे वळण मिळाले ते पुन्हा नागपाडा-भायखळ्याच्या परिसरातच. फूटपाथवरच्या झोपड्या हटवण्याची मोहीम १९८१ मध्ये सुरू झाली. ती न्यायालयात गेली आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. मात्र नोटीस देऊन झोपड्या हटवण्याची पालिकेला मुभाही ठेवली. त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने याच भागाच्या ई वॉर्डातल्या सुमारे सहा हजार फूटपाथवासी कुटुंबांची गणना केली. संस्थापक शीला पटेल टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या होत्या आणि त्यांनी नेबरहूड हाउसमध्ये काम केले होते. या मोजणीत फूटपाथवरची माणसे स्वतः सामील होती आणि आकडे त्यांच्याच बाजूने वापरायचे होते. त्यानंतर फूटपाथवरच्या बायकांची महिला मिलन आणि जनता कॉलनीच्या लढ्यातून पुढे आलेल्या जॉकिन अर्पुथम यांची झोपडपट्टीवासीयांची संघटना यांच्याबरोबर स्पार्कने वस्त्यांनी स्वतःची मोजणी स्वतः करण्याची पद्धतच उभी केली.

महाविद्यालयांनी यातून थोडे घेतले, बरेच सोडले. स्थानिक मंडळाच्या किंवा महिला गटाच्या ओळखीने वस्तीत शिरणे आता सर्रास झाले आहे. त्यात एक अडचण असतेच: ज्याच्या ओळखीने गेलो त्याच्या विरोधातले घर दार उघडत नाही.

अलीकडे संशोधनाच्या नीतिनियमांप्रमाणे लेखी संमतीपत्र आले. ते विद्यापीठाच्या दृष्टीने रहिवाशाच्या रक्षणासाठी असते, पण रहिवाशाला तो परक्याने आणलेला आणि सही मागणारा आणखी एक कागद दिसतो. नागरिकत्वाच्या कागदपत्रांवरून २०१९ च्या अखेरीस देशभर वाद पेटल्यावर असा कागद पुढे करणे आणखी कठीण झाले. म्हणून वस्तीत पुष्कळदा संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवतात, तोंडी होकार घेतात आणि सहीची जागा कोरी ठेवतात.