खोल सागरातील सूक्ष्मजीव : संशोधनाचा इतिहास

सागराच्या पृष्ठभागापासून तळाकडे जाताना प्रकाश, तापमान, ऑक्सिजन व अन्न यांची परिस्थिती बदलत जाते आणि दर १० मी. खोलीस सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. त्यानुसार सूक्ष्मजीवांची संख्या, जाती व कार्ये बदलतात. मात्र खोलीवर सापडलेला सूक्ष्मजीव तेथील मूळ रहिवासी, की वरून गाळाबरोबर आलेला उपरा, या प्रश्नाचा निर्णय होण्यास दीर्घकाळ लागला.

एडवर्ड फोर्ब्झ यांनी १८४३ च्या सुमारास सु. ३०० वाव (५५० मी.) खोलीखाली जीवसृष्टी नसावी, असे मत मांडले होते. ‘चॅलेंजर’ मोहिमेने (१८७२–७६) ते प्राण्यांबाबत खोटे ठरविले. ‘ट्राव्हाय्यर’ व ‘तालिस्मां’ या जहाजांच्या १८८२–८३ मधील मोहिमांत आणलेल्या सु. ५,००० मी. खोलीवरील नमुन्यांतून सर्त या फ्रेंच वैज्ञानिकांनी सूक्ष्मजंतू वाढविले. डॅनिश ‘गॅलाथिया’ मोहिमेत १९५१ साली क्लॉड झोबेल यांना फिलिपीन गर्तेतील १०,००० मी.हून अधिक खोलीच्या गाळात जिवंत सूक्ष्मजंतू आढळले.

यानंतरचा महत्त्वाचा पुरावा अपघातानेच मिळाला. ‘ॲल्व्हिन’ ही पाणबुडी १९६८ मध्ये सु. १,५४० मी. खोलीवर बुडाली. तीतील माणसे बचावली, पण फराळाचे डबे आतच राहिले. दहा महिन्यांनी ती वर काढली, तेव्हा अन्न जवळजवळ ताजे होते. वस्तुतः तितक्याच थंड कपाटात ते काही आठवड्यांतच नासले असते. यावरून खोलीवर विघटन अतिशय मंद असते, असे होल्गर यानाश यांनी दाखविले. पुढे १९७९ मध्ये अरिस्टिडीस यायानोस यांनी उच्च दाबाखालीच उत्तम वाढणारा सूक्ष्मजंतू वेगळा केला व खऱ्या रहिवाशांचे अस्तित्व निर्विवाद झाले.

भारतात या अभ्यासाचे प्रमुख केंद्र गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १ जानेवारी १९६६) हे होय. तिच्या दारातील अरबी समुद्र तर या विषयाची जणू प्रयोगशाळाच आहे. तेथे सु. १५० ते १,००० मी. दरम्यान ऑक्सिजन जवळजवळ नाहीसा होतो. या थरातील सूक्ष्मजंतू ऑक्सिजनाऐवजी नायट्रेटाचा वापर करून नायट्रोजन वायू मुक्त करतात. त्यामुळे सागराच्या सुपीकतेस आवश्यक असलेले नायट्रेट कमी होते. त्याखाली ऑक्सिजन पुन्हा वाढतो. म्हणजे खोलीनुसार होणारा बदल एकाच दिशेने होत नाही.

संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्रातून पहिले मँगॅनीजयुक्त धातुगोटे मिळविले आणि लवकरच मध्य हिंदी महासागरातील सु. ५,००० मी. खोल खोऱ्याकडे लक्ष वळले. तेथील गाळातून चंद्रलता रघुकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी कवके वेगळी केली. ती उपरी असल्याच्या आक्षेपाला उत्तर म्हणून त्यांची बीजुके उच्च दाब व कमी तापमान यांखाली रुजतात की नाही, हेही त्यांनी तपासले.

प्रयोगशाळेत वाढविता येणारे सूक्ष्मजीव एकूण संख्येचा अल्पांशच असतात. ही मर्यादा डीएनए तपासणीने दूर झाली. हवाईनजीकच्या समुद्रात १,००० मी. खाली आर्किया गटाचे जीव सूक्ष्मजंतूंच्या तोडीचे असल्याचे २००१ मध्ये दिसून आले. प्रकाशाचा उपयोग करण्याची क्षमता वरच्या थरांत केंद्रित असते, तर अमोनियापासून ऊर्जा मिळविणारे आर्किया अंधाऱ्या थरांत विपुल असतात.

या ज्ञानाला आता खाणकामाचा संदर्भ लाभला आहे. मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात १९९७ मध्ये तळाचा गाळ मुद्दाम ढवळण्यात आला आणि त्यापूर्वी व त्यानंतर तेथील सूक्ष्मजंतूंची पाहणी करण्यात आली.